माळ तळ्यात का पडली?

घर सोडायचं ठरलंय. सामानाची बांधाबांध चालू आहे. लहानगा अपू फळीवरचं काहीतरी काढायला हात वर करतो आणि एक करवंटी खाली येते. करवंटीतून आधी एक कोळी पळतो, मग दिसते मण्यांची माळ.

ही माळ प्रेक्षकांच्या ओळखीची आहे. शेजारणीनं दारात येऊन अपूच्या बहिणीवर, दुर्गावर, तिच्या चोरीचा आळ घेतला होता. आईनं अपमानाच्या भरात दुर्गाला मारलं होतं, केसाला धरून फरफटत अंगणाबाहेर काढलं होतं. दुर्गानं काही कबूल केलं नव्हतं. आता दुर्गा या जगात नाही. अपू माळ मुठीत घेतो, धावत तळ्याकाठी जातो आणि ती पाण्यात भिरकावतो. तळ्यावर शेवाळाचा दाट हिरवा थर आहे. माळ पडते तिथे त्या थराला भोक पडतं, खालचं काळं पाणी उघडं होतं. मग कडेकडेनं हिरवं सरकत येतं आणि ते भोक हळूहळू बुजत जातं. अपू बघत उभा राहतो. आपणही.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'तला हा प्रसंग. चित्रपट 1955 सालचा. मूळ कादंबरी विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची, 1929 साली पुस्तकरूपानं आलेली. कादंबरीतही दुर्गाच्या माघारी अपूला चोरीची वस्तू सापडते. पण तिथे ती माळ नसते, सोन्याची छोटी कुंकवाची डबी असते. आणि अपू ती तळ्यात टाकत नाही, बांबूच्या बनात फेकून देतो.

हा फरक पहिल्यांदा ध्यानात आला तेव्हा मी त्याच्यापाशी बरेच दिवस अडून बसलो होतो. कादंबरी इतकी जीव लावून वाचलेल्या माणसानं डबीची माळ का केली असेल? बांबूचं बन गावात होतंच, मग तळं कशाला? लेखक काय काम करतो आणि दिग्दर्शक काय काम करतो, हे समजावून सांगायला मला तरी याहून चांगली जागा माहीत नाही. म्हणून हा लेख त्या माळेच्या मागे मागे जाणार आहे.

आधी कादंबरीकडे जाऊ. विभूतिभूषण यांचा जन्म 1894 चा. वडील संस्कृत जाणणारे, गावोगाव फिरून पुराणकथा सांगणारे, म्हणजे आपल्याकडच्या पुराणिकबुवांसारखे. घरात विद्या होती, पैसा नव्हता. 'पथेर पांचाली'तला अपूचा बाप हरिहर तसाच आहे. पांचाली म्हणजे बंगालमध्ये गाऊन सांगायची लांबलचक कथा. 'पथेर पांचाली' म्हणजे वाटेचं आख्यान म्हणा ना.

विभूतिभूषण तेव्हा बिहारमध्ये भागलपूरला एका जमीनदारीच्या कामावर होते. 1925 ते 1928 अशी सुमारे तीन वर्षं ते ही कादंबरी लिहीत होते. त्यांनी सांगितलेली एक आठवण त्यांच्याविषयीच्या लेखनात येते. कादंबरीचा मसुदा बराचसा तयार झाला होता आणि त्यात दुर्गा नव्हतीच. एकदा भागलपूरला त्यांना एक खेड्यातली मुलगी दिसली, केस विस्कटलेली, नजरेत काहीतरी वेगळंच असलेली. ती मुलगी डोक्यातून जाईना. तिच्याशिवाय आपली गोष्ट अपुरी आहे, असं त्यांना वाटायला लागलं. मग त्यांनी हाती असलेलं बाजूला ठेवलं आणि सगळं नव्यानं लिहायला घेतलं.

लेखकाला 'सुचतं' म्हणजे काय होतं, ते या आठवणीत फार स्वच्छ दिसतं. मुलगी दिसली, हा एका क्षणाचा भाग. तेवढं कुणालाही दिसू शकतं. तिला जागा करून द्यायची म्हणून लिहून झालेली पानं मोडायची आणि प्रत्येक प्रसंगात तिला कुठे उभं करायचं ते पुन्हा ठरवायचं, हा पुढचा काही महिन्यांचा भाग. आणि तिच्या येण्यानं गोष्टच बदलली. एकटा अपू हा नुसता बघणारा मुलगा आहे, लाजरा, पुस्तकी, स्वप्नाळू. त्याला हाताला धरून रानात नेणारं, बोरं-पेरू चोरायला शिकवणारं, आईचा मार खाऊन पुन्हा हसणारं कुणीतरी हवं होतं. दुर्गा आली आणि अपूला जगाचं दार मिळालं. पुढे ती मरते तेव्हा ते दार बंद झाल्यासारखं वाचकालाही वाटतं.

सगळेच असं तीन-तीन वर्षं घासून लिहितात असं मात्र नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई'चा बहुतेक भाग 1933 साली नाशिकच्या तुरुंगात काही दिवसांत लिहून काढला. जे सांगायचं ते मनात वर्षानुवर्षं मुरलेलं होतं, कागदावर उतरायला दिवस पुरले. वेगावरून लेखनाची किंमत करू नये, एवढंच इथे म्हणायचं आहे. त्याच पुस्तकावर आचार्य अत्र्यांनी 1953 साली चित्रपट केला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं. दोन वर्षांनी तोच मान 'पथेर पांचाली'ला मिळाला. दोन्हीकडे गरिबीशी झुंजणारी आई, दोन्हीकडे आधी पुस्तक आणि मग चित्रपट. मला हा योग फार मोलाचा वाटतो.

आता लेखकाच्या हातात काय काय असतं ते बघा. तो 'नेहमी' असं लिहू शकतो. 'दुर्गा नेहमी दुपारी पन्हाळीखाली बसून खेळायची' या वाक्यात शंभर दुपारी मावतात. तो 'अपूला वाटलं' असं लिहून थेट मुलाच्या डोक्यात शिरतो. 'अशी पाच वर्षं गेली' म्हटलं की पाच वर्षं जातात. ओल्या मातीचा वास, तापातली ग्लानी, तीस वर्षांपूर्वीची आठवण, सगळं त्याला एका परिच्छेदात आणता येतं. विभूतिभूषण यांची कादंबरी या सगळ्यानं काठोकाठ भरलेली आहे. गावातली झाडंझुडपं, वेली, रानफळं यांची नावं ते आपल्या माणसांची नावं घ्यावीत तशी घेतात.

कॅमेऱ्याकडे यातलं काहीच नाही. कॅमेऱ्याला 'नेहमी' म्हणता येत नाही. तो दाखवतो ती एकच दुपार, हीच, आत्ताची. त्याला 'वाटलं' म्हणता येत नाही. त्याला चेहरा दिसतो, पाठ दिसते, हात दिसतात, आणि बरोबरीनं आवाज ऐकू येतो. बस्स.

आपण चित्रपटाच्या सुरुवातीला पाट्या वाचतो: कथा, पटकथा, संवाद. तिन्ही शब्द एका दमात वाचले जातात, पण कामं वेगळी आहेत. कथा म्हणजे काय घडलं. संवाद म्हणजे कोण काय बोललं. आणि पटकथा म्हणजे जे घडलं ते कुठल्या क्रमानं, कुठल्या जागी, काय बघता-ऐकताना आपल्याला कळेल, त्याची आखणी. पटकथेच्या कागदावर 'त्या वर्षी घरात पैशाची फार ओढाताण होती' असं लिहून भागत नाही. तिथे लिहावं लागतं: आई डब्यात हात घालते, हात तळाला लागतो, ती डबा कलता करून कोपऱ्यातले तांदूळ ओंजळीत घेते, मोजल्यासारखे बघते आणि त्यातली मूठभर परत टाकते. ओढाताण हा शब्द गेला, तिच्या जागी डबा आला.

हा खेळ घरी करून बघा. 'मोठ्या भावाचा तिला राग आला होता, पण काळजीही वाटत होती' हे वाक्य घ्या आणि कुणालाही एक शब्द बोलू न देता ते दाखवायचं ठरवा. पहिल्यांदा सुचेल ती चेहऱ्यावरची आठी. ती सगळ्यांनाच सुचते. मग विचार कराल, ती त्याचं ताट वाढून ठेवते, झाकते, पण त्याला हाक मारत नाही. इथे पटकथा सुरू झाली.

सत्यजित राय यांना ही सवय चित्रांमुळे लागली होती. ते 1943 पासून कलकत्त्यात एका इंग्रजी जाहिरात कंपनीत चित्रकार होते, शिवाय एका प्रकाशनासाठी मुखपृष्ठं आणि आतली चित्रं काढत. 1940 च्या दशकाच्या मध्यावर त्याच प्रकाशनानं 'पथेर पांचाली'ची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती काढायचं ठरवलं. तिचं नाव 'आम आँटिर भेंपू', म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी. कोय घासून पिपाणी करायचा उद्योग आपल्याकडच्या मुलांनीही पिढ्यान्‌पिढ्या केला आहे, त्यामुळे हे नाव मला फार जवळचं वाटतं. तर त्या आवृत्तीची चित्रं रायांनी काढली. प्रसंग निवडायचा, त्यातला नेमका क्षण पकडायचा, माणसं चौकटीत कुठे ठेवायची ते ठरवायचं. पावसात एकमेकांना बिलगलेली भावंडं त्यांनी तेव्हाच कागदावर काढली होती. पुढे ती तशीच पडद्यावर आली.

1950 मध्ये कंपनीनं त्यांना काही महिन्यांसाठी लंडनला पाठवलं. तिथे त्यांनी शंभरेक चित्रपट पाहिले. इटलीच्या डी सिका यांचा सायकल चोरीला गेलेल्या गरीब बापाचा चित्रपट बघून त्यांची खात्री पटली की स्टुडिओबाहेर, खऱ्या रस्त्यावर, नवख्या माणसांना घेऊनही चित्रपट होऊ शकतो. परतीच्या बोटीवरच त्यांनी टिपणं काढायला सुरुवात केली.

एक गोष्ट ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. 'पथेर पांचाली'ची पूर्ण बांधीव पटकथा कागदावर कधी नव्हतीच. प्रसंगांचा आराखडा होता, टिपणं होती आणि एक चित्रवही होती. वहीत शाईनं काढलेली दृश्यं, एकामागून एक, चित्रकथेसारखी. ही वही घेऊन ते निर्मात्यांचे उंबरठे झिजवत होते. गाणी नाहीत, नट नाहीत, नुसती चित्रं, असं काही त्या मंडळींनी आधी बघितलेलं नव्हतं. पुढच्या चित्रपटांसाठी राय लाल कापडी बांधणीच्या, व्यापारी हिशेबाला वापरतात तसल्या चोपड्या वापरू लागले. त्यात संवाद, चित्रं, पोशाख, संगीताच्या खुणा, सगळं एकत्र. पण पहिल्या वेळी ही एवढीच वही.

संवादांची काळजी मात्र कमी होती. विभूतिभूषण यांची माणसं इतकं खरं बोलतात की बरंचसं बोलणं जसंच्या तसं उचलता आलं. खरी पंचाईत होती निवडीची. कादंबरी ऐसपैस आहे, माणसांची तर गर्दीच आहे. ती नीटनेटकी करून, प्रत्येक प्रसंग पुढच्याला कडीसारखा अडकवून सांगता आली असती. रायांनी ते टाळलं. गोष्टीचं ते रेंगाळणं, वळणं घेत जाणं हेच तिचं खरेपण आहे, बंगालमधल्या गरीब खेड्यातलं आयुष्य असंच रेंगाळत जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी हात लावावा लागलाच. तीन बदल सांगतो.

पहिला बदल म्हातारीचा. इंदिर ठाकरुण ही हरिहरच्या नात्यातली निराधार विधवा. कादंबरीत ती लवकर जाते, अपू अगदी तान्हा असताना. रायांनी तिला जगवलं, मुलं कळती होईपर्यंत. मग बांबूच्या बनात बसलेल्या म्हातारीला दुर्गा हलवते, आणि ती कलंडते. मृत्यू म्हणजे काय ते मुलांना असं, हाताच्या स्पर्शातून कळतं. कादंबरीत म्हातारीचं मरण म्हणजे जुन्या पिढीचा अस्त. चित्रपटात ते मुलांच्या बालपणातला एक प्रसंग झालं.

दुसरा बदल आगगाडीचा. कादंबरीत भावंडं रेल्वे शोधायला निघतात आणि ती न बघताच, दमून परत येतात. पुस्तकात हे फार हृद्य आहे, कारण न दिसलेली गोष्टही शब्दांत दाखवता येते. पडद्यावर न दिसलेली गाडी म्हणजे काहीच नाही. म्हणून चित्रपटात काश नावाच्या उंच गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांमागून काळा धूर सोडत गाडी येते आणि अपू तिच्याकडे धाव घेतो.

तिसरा बदल दुर्गाच्या मरणाचा. पावसात भिजणं, ताप, वादळी रात्र आणि शेवट अशी सरळ साखळी कादंबरीत नाही. रायांनी ती जोडली. याच पावसात दुर्गा अपूला पदराखाली घेऊन एक बडबडगीत पुटपुटते. आपल्याकडची मुलं पावसाला 'ये रे ये रे' म्हणून बोलावतात. दुर्गाच्या गाण्यात पावसाला थांबायला सांगितलेलं आहे. पाऊस थांबत नाही.

आता चित्रीकरण. इथे लेखक आणि दिग्दर्शक यांच्या वाटा खऱ्या अर्थानं वेगळ्या होतात. लेखकाला ढग हवा असला की तो 'ढग आले' असं लिहितो.

27 ऑक्टोबर 1952, जगद्धात्री पूजेचा दिवस. बर्धमानजवळ पालसिट इथे काशफुलांचं माळरान पसरलेलं. राय यांनी आधी एकही चित्रपट केलेला नव्हता. कॅमेरा धरणारे सुब्रत मित्र जेमतेम विशी ओलांडलेले, त्यांनी आधी चित्रपटाचा कॅमेरा चालवलेलाच नव्हता. अपू झालेला सुबीर बॅनर्जी हा शेजारचा मुलगा, रायांच्या पत्नी विजया यांना दिसलेला. त्याला अभिनयाचा गंध नव्हता. काम एवढंच: दुर्गाला शोधत, थबकत, इकडेतिकडे बघत काशातून चालायचं. मुलगा चालला तो कवायतीला निघाल्यासारखा, सरळ. 'शोधतोयस असं दाखव' हे सांगून त्या वयाच्या मुलाला काय कळणार? मग रायांनी त्याच्या वाटेत काटक्या टाकल्या, म्हणजे त्याला बघून पाऊल टाकावं लागेल. सहायकांना गवतात वेगवेगळ्या जागी लपवलं आणि त्यांनी ठराविक वेळी त्याला हाक मारायची असं ठरवलं. हाक आली की मुलगा खरोखरच थबके, खरोखरच मान वळवी. पडद्यावर आपल्याला दिसतो बहिणीला शोधणारा अपू.

ही युक्ती मला फार महत्त्वाची वाटते. डबा कलता करणारी आई आणि काटक्या ओलांडणारा मुलगा, दोन्हीकडे एकच काम झालं आहे. भावना मागितली नाही, कृती मागितली. भावना बघणाऱ्यानं आपली आपण भरून घेतली.

रायांची नोकरी चालूच होती, त्यामुळे काम सुट्टीच्या दिवशी. पुढच्या रविवारी सगळे परत पालसिटला गेले तर माळरान बोडकं. मधल्या दिवसांत गुरांनी काश खाऊन टाकला होता. उरलेल्या दृश्यासाठी पुढच्या वर्षी काश फुलेपर्यंत थांबावं लागलं.

इथे चित्रपटाचं एक साधं गुपित सांगायला हवं. पडद्यावर सलग दिसतं ते सलग घडलेलं नसतं. अपू काशात शिरतो आणि बाहेर येतो यांच्यामध्ये वर्ष गेलेलं असू शकतं. या तुकड्यांचे सांधे दिसू न देणं हे दिग्दर्शक आणि संकलक दोघांचं काम. मिठाईवाल्याचा प्रसंग घ्या. चिनिवास नावाचा मिठाईवाला कावड घेऊन निघालाय, मागे दुर्गा, तिच्यामागे अपू, त्यांच्यामागे कुत्रा. हे अर्धं चित्रित झालं आणि पैसे संपले. बऱ्याच महिन्यांनी परत आले तेव्हा तो मिठाईवाला वारला होता. दुसरा माणूस आणला, चेहरा वेगळाच. म्हणून आधीच्या शॉटमध्ये पहिला चिनिवास बांबूच्या बनातून येतो आणि पुढच्या शॉटमध्ये दुसरा चिनिवास पाठमोरा, शेजाऱ्यांच्या फाटकातून आत शिरतो. कुणालाही शंका येत नाही. कुत्र्याचंही तसंच झालं, मधल्या काळात तो मेला आणि त्याच्यासारखा दुसरा शोधावा लागला. आणि हा कुत्रा मुलांच्या मागे चालावा म्हणून दुर्गानं हात मागे करून मुठीत संदेश, म्हणजे ती बंगाली मिठाई, धरली होती. पुढच्या वेळी चित्रपट बघाल तेव्हा तिच्या हाताकडे बघा.

पैशाची गोष्ट थोडक्यात सांगतो. रायांनी विम्यावर पैसे उभे केले, ग्रामोफोनच्या रेकॉर्डी विकल्या, विजया यांचे दागिने गहाण पडले. काम पुन्हा पुन्हा थांबलं. शेवटी मुख्यमंत्री बिधानचंद्र राय यांच्यापर्यंत विषय गेला आणि पश्चिम बंगाल सरकारनं पैसे दिले. नावात 'पथ' असल्यामुळे खर्च रस्तेसुधारणेच्या खात्यात दाखवला गेला, असं सांगतात. या सगळ्या खोळंब्यात अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी झाली नाही आणि इंदिर ठाकरुण झालेल्या ऐंशीच्या घरातल्या चुनीबाला देवी जिवंत राहिल्या, हे तीन चमत्कार झाले, असं राय म्हणत. चुनीबाला देवी चित्रपट प्रदर्शित होण्याआधी गेल्या.

पावसाच्या दृश्याचीही अशीच परीक्षा झाली. पैसे हाती आले तेव्हा पावसाळा सरलेला. ऑक्टोबरचं निरभ्र आकाश. तरी राय दोन्ही मुलं आणि कॅमेरा घेऊन गावात जाऊन बसत, ढगांची वाट बघत. एक दिवस ढग आले आणि कोसळले. मुलं थंडीनं खरोखरच कुडकुडत होती. काम झाल्यावर त्यांना गरम दुधात थोडी ब्रँडी घालून दिली. आपण जे कुडकुडणं बघतो त्यात अभिनय किती आणि ऑक्टोबरचा पाऊस किती, सांगता येणार नाही.

आवाजाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण चित्रपटातली माझी सर्वांत आवडती निवड तिथे आहे.

हरिहर बरेच महिने परगावी होता. दुर्गा गेल्याचं त्याला माहीत नाही. तो पडक्या घराच्या अंगणात येतो, सर्वजयाला, म्हणजे बायकोला, आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतो. शेवटी साडी काढतो, दुर्गासाठी. सर्वजया इतका वेळ दगडासारखी बसलेली असते. ती साडी घेते, तोंडाशी नेते, दातांत धरते आणि कोसळते. तिचं तोंड उघडलेलं दिसतं. पण आपल्याला तिचं रडणं ऐकू येत नाही. ऐकू येते ती तारशहनाई, गजानं वाजवायचं एक तारवाद्य, उंच सुरांत, आर्त. राग पटदीप.

मराठी कानांना पटदीप नवा नाही. 'मर्मबंधातली ठेव ही' ऐकत वाढलेल्यांच्या घरातलाच तो राग आहे. त्यामुळे हे दृश्य बघताना आपल्या आतलं काहीतरी ओळखीचं हलतं, असा माझा अनुभव आहे. पण मुद्दा रागाचा कमी आणि जागेचा जास्त आहे. संगीत इथे रडण्याच्या जोडीला आलेलं नाही, रडण्याच्या जागी आलेलं आहे. खरा हंबरडा ऐकवला असता तर तो त्या एका बाईचा हंबरडा झाला असता, आणि आपण तिच्याकडे बघत राहिलो असतो. आवाज काढून घेतल्यावर ती जागा रिकामी झाली आणि तिथे प्रत्येकानं आपलं माणूस गेलं तेव्हाचा आवाज ठेवला. विभूतिभूषण यांना ही सोय नव्हती, त्यांना ती लागतही नव्हती. शब्द मुळातच मुके असतात, वाचणारा त्यांना आवाज देतो. रायांनी वाचकाचा तो हक्क प्रेक्षकाला परत दिला.

हे संगीत रविशंकर यांचं. त्यांच्याकडे वेळ फार थोडा होता. चित्रपटाचा साधारण अर्धा भाग बघून त्यांनी एकाच बैठकीत, सुमारे अकरा तासांत, ध्वनिमुद्रण केलं. जिथे तुकडे कमी पडले तिथे मंडळींनी भर घातली. मिठाईवाल्याच्या प्रसंगातली सतार तर छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनीच वाजवली आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं मे 1955 मधला खेळ आधीच ठरवून टाकला होता, त्यामुळे संकलक दुलाल दत्त आणि राय यांनी शेवटचे दहा दिवस-रात्र सलग बसून चित्रपट जुळवला. उपशीर्षकं घालायलाही सवड उरली नव्हती. कलकत्त्यात तो 26 ऑगस्टला लागला. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या कान शहरातल्या चित्रपट महोत्सवात त्याला उत्कृष्ट मानवी दस्तऐवज म्हणून गौरवलं.

आता परत माळेकडे येतो.

डबी सोन्याची होती. सोन्याच्या डबीला बाजारात किंमत आहे. ती चोरली म्हणजे गुन्हा झाला. मण्यांची माळ ही पोरीबाळींच्या हौसेची वस्तू. ती चोरणारी दुर्गा चोर वाटत नाही, गळ्यात काहीतरी घालावंसं वाटणारी मुलगी वाटते. एवढा बदल वस्तूनं केला, संवादातल्या एकाही वाक्याविना.

आणि तळं. कादंबरीत डबी बांबूच्या बनात फेकल्यावर लेखक आपल्याबरोबर असतो. मुलाच्या मनात काय चाललंय ते तो सांगतो, त्यामुळे डबी कुठे पडली याला महत्त्व उरत नाही. कॅमेऱ्यासमोर तीच कृती करून बघा. मुलगा हात उगारतो, वस्तू झाडोऱ्यात जाते, दिसेनाशी होते, प्रसंग संपतो. बघायला पुढे काहीच नाही. रायांना असं ठिकाण हवं होतं जिथे फेकल्यानंतरही काहीतरी घडत राहील. शेवाळानं ते दिलं. हिरव्या थराला पडलेलं भोक म्हणजे बहिणीचं उघडं पडलेलं गुपित, आणि कडांनी सरकत येणारं शेवाळ म्हणजे ते झाकणारा भाऊ, असा अर्थ मी लावतो. दुसरा कुणी वेगळा लावेल. पण ते भोक बुजायला जो वेळ लागतो तेवढा वेळ आपल्याला त्या मुलाबरोबर उभं राहावं लागतं, आणि त्याच्या मनात काय चाललंय हे कुणी न सांगता कळतं. कादंबरीतलं 'अपूला वाटलं' ते इथे, पाण्याच्या पृष्ठभागावर आलं.

कादंबरी यानंतरही चालू राहते. कुटुंब काशीला पोचतं, तिथले हाल, अपूची गावाकडची ओढ, पानंच्या पानं. रायांनी तो भाग पुढच्या चित्रपटासाठी ठेवला आणि इथेच थांबायचं ठरवलं. कुलूप घातलेल्या, पडझड झालेल्या घराच्या पायरीवरून एक साप सरपटत आत जातो. नंतर बैलगाडी. तिघं बसलेली, आई पदर तोंडाशी धरून, बाप गप्प, आणि अपू, समोरच्या वाटेकडे बघणारा.